अव्वाच्या हाताचे कांदे

माझ्या सासूबद्दल कुणी विचारलं, की मी आधी तिच्या हातांबद्दल सांगते. तोंडावळा राहू द्या बाजूला, तो चारचौघींसारखाच होता. बसकं नाक, कपाळाला विभूती, पुढचे दोन दात जरा मोठे. हात मात्र तिचेच, चन्नम्माचेच.

सोलापुरात बाळीवेशीच्या मागं आमची गल्ली. त्या गल्लीत पंचवीस वर्षांत जन्मलेलं आणि अव्वाच्या पायांवर न न्हालेलं पोर शोधून सापडायचं नाही. अव्वा म्हणजे माझी सासू. घरात सगळे तिला अव्वाच म्हणायचे, म्हणून मीही. न्हाणीत पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची आणि तेलाचा हात फिरवायला लागली की आईच्या मांडीवर आकांत करणारं पोर गप्प पडायचं. मिशा फुटलेले, गिरणीत कामाला जाणारे बाप्ये रस्त्यात दिसले की म्हणायची, "ह्येची टाळू मी भरलीया." ते बिचारे लाजून मान खाली घालायचे.

त्याच हातानं ती परसात कांदे लावायची. आमचा परस म्हणजे काय, आड, न्हाणी, एक शेवगा आणि दोन खाटा मावतील एवढा वाफा. न्हाणीचं पाणी चरातनं त्या वाफ्यात जायचं. कांद्याचं बी सासऱ्यांचं आणि लावणारा हात अव्वाचा, अशी त्यांची वाटणी होती. सासरे, म्हणजे चनबसप्पा, घरात सगळ्यांचे अप्पा, शाळेत शिपाई होते. पण त्यांचा जीव त्या बियात. कांदा चपटा, फिकट गुलाबी, मान बारीक सुतळीएवढी. चैत्रात काढला की पुढं दिवाळीपर्यंत सडत नसे. दरसाल त्यातले वीस नग निवडायचे, ते पुन्हा लावून त्यांच्या फुलांचे गोंडे धरायचे आणि बी डब्यात भरायचे. कांद्याचं बी वर्षभरच चालतं. एक साल चुकलं की खेळ खलास. बहात्तरच्या दुष्काळात गावोगावची बियाणी गेली, तेव्हा हे बी न्हाणीच्या पाण्यावर जगलं. त्यांचे दोस्त कल्लप्पा, दुधनीकडचे कांदेवाले, त्यांनी हेच बी अप्पांकडून नेलं होतं. त्यांचंही त्या दुष्काळात गेलं, मग त्यांनी बाजारचंच बी धरलं. म्हणजे उभ्या मुलखात ते उरलं फक्त आमच्या माडीवरच्या एका डालड्याच्या डब्यात.

मी बार्शीची. नाव दाक्षायणी, तोंडानं फटकळ. लग्नात आईनं कानात सांगितलं होतं, "दाक्षी, तिथं तरी तोंड आवर." नाही आवरलं. नको तिथं बोलत आले आणि त्या एका वर्षी, पंचाहत्तर-शहात्तर सालात, बोलायचं तिथं नेमकी गप्प बसले.

अप्पा भादव्यात गेले. दुपारी जेवून उठले, हात धुवायला आडापाशी गेले आणि तिथंच बसले. आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून मातीला नेलं, तेव्हा अव्वा भिंतीला टेकून होती. रडली नाही. बायका म्हणाल्या, रडवा तिला. कुणी गळ्यात पडलं, कुणी अप्पांचं नाव घेऊन हंबरडा फोडला. हिच्या डोळ्याला टिपूस नाही. मलाही रडू आलं नाही, खरं तेच सांगते. मला सहावा महिना होता, घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि पाय सुजून पातेल्याएवढे झाले होते. नवरा, पंचाक्षरी, गिरणीतनं यायचा, अंगणात बसायचा, पुन्हा पाळीला जायचा. सगळं घरच बधिर झालं होतं. कुणी हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागायचा.

अकराव्या दिवशी आराधनेचं जेवण. साठ-सत्तर पानं. स्वयंपाकाचा ताबा चुलत सासूबाई काशम्मांनी घेतलेला. ह्या बाईंनी आल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं होतं. अप्पांनी बियासाठी म्हणून तुळईला टांगून ठेवलेले वीस कांदेसुद्धा त्यांनी पाहुण्यांच्या आमटीत चिरून टाकले. अव्वानं नुसतं वर बघितलं, रिकाम्या दोरीकडं, आणि म्हणाली, "डब्यात बी हाय अजून." तेवढंच. त्या दिवसांत ती बोललेलं मला एवढंच आठवतं.

"कारळ्याच्या चटणीबिगर पान उघडं दिसतंय," काशम्मा म्हणाल्या. "दाक्षी, कारळं कुटं हाय?"

माडीवर. दोन डबे, दोन्ही डालड्याचे, दोन्हींत वर कडुलिंबाचा पाला. माडीला खिडकी नाही. मी हात घातला, बारीक दाणे हाताला लागले, डबा उचलून खाली आणला. दोन्ही काळंच, तरी कारळं लांबट असतं आणि कांद्याचं बी टोकेरी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण खाली चुलीचा धूर, मागनं काशम्मांचं "आवर गं, आवर गं", आणि माझं डोकं जागेवर नाही. तव्यावर भाजलं. वास उग्र आला, मला वाटलं शेजारी सोललेल्या लसणाचा. मिरची, लसूण, मीठ घालून उखळात कुटलं. काशम्मांनी बोट लावून बघितलं, तोंड वाकडं केलं. "जुनं हाय वाटतं कारळं, कडू मारतंय." मूठभर गूळ टाकला आणि वाढायला घेतलं.

सत्तर माणसांनी ती चटणी खाल्ली. अप्पांच्याच नावाच्या जेवणात अप्पांचंच बी. अव्वाच्या पानातही मीच वाढली.

हे मला कळलं दिवाळीनंतर. तोवर अव्वा घरात असून नसल्यासारखी. सकाळी लिंगपूजा करायची, भाकरी दिली तर खायची, नाही दिली तर मागायची नाही. आणि एका सकाळी, मी तांदूळ निवडत होते, तर मागं येऊन उभी राहिली.

"दाक्षी, दिवाळी झाली. बी टाकायचं."

दोन महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन बोलली. मला इतका आनंद झाला, की सुजल्या पायांनी धडधड माडी चढले. डबा उघडला. आत कारळं. दुसरा डबा तर मीच रिकामा करून घासून चुलीपाशी ठेवला होता, त्यात आता मीठ होतं. मी तिथं अंधारात डबा मांडीवर घेऊन बसले. पोटात बाळानं लाथ मारली, तीसुद्धा दुसऱ्या कुणाच्या पोटात मारल्यासारखी वाटली.

खाली जाऊन सांगायचं होतं. एवढंच करायचं होतं. "अव्वा, चटणी झाली त्याची." पण ती खाली परसात वाफ्याची ढेकळं फोडायला बसली होती. दोन महिन्यांनी बाई उठून कामाला लागलेली. माझी जीभ रेटली नाही. "आज नको अव्वा, उद्या टाकू, आज अमावस्या," असलं काहीतरी मी ठोकून दिलं, अमावस्या होऊन आठ दिवस झाले होते तरी. दुपारी बाजारात जाऊन एका पोत्यावाल्याकडनं अदपाव बी आणलं. त्याला विचारलं, आत्ता टाकलं तर येईल का? "कवाबी टाका, येतंय की," म्हणाला. मी ते कडुलिंबाच्या पाल्यात घालून फडक्यात बांधलं आणि दुसऱ्या दिवशी अव्वाच्या हातात दिलं.

"डबा कुटाय?" तिनं विचारलं.

"गंजला होता. फडक्यात काढून ठेवलं."

तिनं बी तळहातावर घेतलं, फुंकर मारली. मला वाटलं आता ओळखणार. पण बी बियासारखंच दिसतं. तिनं मूठ कपाळाला लावली आणि वाफ्याच्या एका कोपऱ्यात पेरलं.

माझा हिशेब सरळ होता. कांदे येतील, थोडे वेगळे दिसतील, म्हातारीच्या नजरेला कळणार नाही. कळलं तरी तोवर दुःख जरा निवलेलं असेल. मूर्ख होते मी, दुसरं काय.

डिसेंबरात मला मुलगा झाला. माझी आई लग्नानंतर वारली होती, म्हणून बाळंतपण इथंच. बाराव्या दिवसापासून अव्वानं बाळाला पायांवर घेतलं आणि त्याच हप्त्यात रोपं उपटून वाफ्यात लावली, चार बोटांवर एक. सकाळी बाळाचं न्हाणं, मग वाफ्याचं पाणी. मध्येच एकदा गाणंसुद्धा पुटपुटली कानडीत. गल्लीतल्या बायका मला म्हणाल्या, तुझं बाळ आलं आणि चन्नम्मा परत माणसात आली. मी हसले. मला मात्र कसलंच काही वाटत नव्हतं. बाळाला पाजायचे, झोपवायचे, उठायचे. परसात गेले की वाफ्याकडं बघायचं नाही, एवढा एक नेम मी पाळत होते.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा होऊन गेली आणि फेब्रुवारीत एका सकाळी अव्वा वाफ्यात उकिडवी बसून राहिली ती उठेचना. पात गुडघ्यापर्यंत आलेली, हिरवीगार. ती बोटानं बुडातली माती बाजूला करत होती.

"काय बघूलालाव, अव्वा?"

"कांदा पोसंना झालाय गं. मान बघ, अंगठ्याएवढी. खाली कायबी न्हाय."

खरंच नव्हतं. बुडाशी नुसता पांढरा दांडा.

मग सुरू झाली तिची शोधाशोध. आधी तिला वाटलं, पाणी जास्त होतंय. बाळाचं न्हाणं रोजचं, सगळं पाणी वाफ्यात. तिनं चराच्या तोंडाला वीट लावून पाणी शेवग्याकडं वळवलं. आठ दिवस माती सुकू दिली. पात जरा मलूल झाली, कांदा होता तसाच. मग म्हणाली, सावली पडतीया. पंचाक्षरीला सुट्टीच्या दिवशी शेवग्यावर चढवलं, शेंगांनी लगडलेल्या तीन फांद्या तोडायला लावल्या. तो वरनं ओरडला, "अव्वा, शेंगा तरी होऊ द्यायच्या होत्या की!" ही म्हणाली, "शेंगा लई मिळतील."

त्यानंही काही झालं नाही. मग तिला आठवलं, की मार्गशीर्षात शेणखत टाकलं ते नीट कुजलं नव्हतं, त्यानं नुसतीच पात सुटली असणार. तिनं हातानं वरची माती खरवडून काढली, नदीची वाळू आणवली, ओळींमधून पसरली. कांद्याच्या मानेपासची माती बोटानं मोकळी केली, खोल लागलेत म्हणून. मग पातीवर चंदेरी ठिपके दिसले, बारीक किडा. शेजारी विड्या वळणाऱ्या पद्मशाली बायका होत्या, त्यांच्याकडनं तंबाखूचा चुरा आणला. तो मी उकळला. माझ्याच चुलीवर, माझ्याच हातानं. गाळून अव्वाला दिला आणि तिनं कडुलिंबाच्या डहाळीनं पातीवर शिंपडला. किडा गेला.

हे सगळं होताना मी तिच्या शेजारी होते. वाळूची पाटी धरत होते, वीट सरकवत होते, हो ला हो करत होते. मला ठाऊक होतं काय झालंय ते. आणि मी इतकी शांत होते, की मला माझीच भीती वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती.

महाशिवरात्र झाली आणि वाफ्यात गोंडे आले. पोसायच्या आधीच निम्म्याअधिक रोपांनी दांडे वर काढले, त्यांवर पांढऱ्या कळ्यांचे गोळे. ज्यांना दांडा नाही त्यांच्या बुडाशी दोन-दोन, तीन-तीन पाकळ्या फुटलेल्या. अव्वा दारात पायरीवर बसली आणि एकेक गोष्ट बोटावर मोजायला लागली.

"पाणी बघितलं. सावली बघितली. खत काढलं. कीड मारली. माती तीच, आड तोच. बी त्यांचंच." इथं मी मान फिरवली. "मग बदललं काय? ह्यांच्या वक्ताला एक साल असं झालं न्हाय. बदललं एवढंच, की ह्या हाताला आता धनी न्हाय."

"काहीतरीच काय बोलता!" मी तडकले. "आपल्यात विटाळ मानत नाहीत म्हणून तुम्हीच सांगता ना? सुतक नाही, विटाळ नाही, आणि विधवेचा हात वाईट हे कुठनं आलं?"

"म्हणत्यात तसं. पर कांद्याला कुणी सांगावं?"

"अहो, रोज सकाळी ज्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करता, तो हात वाईट कसा असेल?"

अव्वानं दोन्ही हात पुढं धरून बघितले. "लिंग डाव्या हातावर घेते मी," म्हणाली. "कांदा उजव्यानं लावला."

बोलायचं तर एकच वाक्य होतं आणि ते मी गिळलं. आता मला स्वतःचीच किळस येते, पण त्या वेळी मी उठून आत गेले आणि पीठ मळायला घेतलं. मनात एवढंच, की आज सांगितलं तर म्हणेल, मग पाणी तोडत होते, वाळू आणत होते तेव्हा गप्प का बसलीस? जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन न्हाणीत गेले तर अव्वा तिथं नाही. पडवीत वाती वळत बसलेली.

"सोजरबाईला बोलव," म्हणाली. "मला हाताला कळ लागलीया."

सोजरबाई दोन गल्ल्या पलीकडं राहायची, पैसे घेऊन बाळं न्हाऊ घालायची. ती आली. बाळ तिच्या पायांवर असं रडलं, की शेजारपाजार गोळा झाला. अव्वा पडवीतनं हलली नाही. रडणं ऐकून तिचा उजवा हात मांडीवरनं थोडा उचलला जायचा आणि परत खाली यायचा. पंधरा दिवसांनी पलीकडच्या घरची नवी बाळंतीण आपलं पोर घेऊन आली, तिलाही तेच सांगितलं, कळ लागलीया. मग हळूहळू गल्लीत झालं, चन्नम्माचा हात गेला म्हणून. कोण म्हणालं वात, कोण आणखी काही. वाफ्याला पाणी घालायचं तेही तिनं माझ्यावर सोपवलं. "तू घाल. तू सवाशीण हायस. तुझ्या हातानं बसला एखादा तर बसला. वीसच लागत्यात बियाला."

दीड-दोन महिने मी त्या वाफ्याला पाणी घातलं. ती पायरीवर बसून बघायची. उजवा हात पदराखाली.

एप्रिलात कल्लप्पामामा आले. अप्पांचे दोस्त म्हटलं ते हेच. दरवर्षी ह्याच दिवसांत कांद्याची गाडी घेऊन सोलापूरच्या बाजारात यायचे आणि आमच्याकडं चहा-भाकरी करून जायचे. यंदा अप्पा नव्हते, तरी आले. पायरीवर बसले, डोळे पुसले. मग अव्वानं परसाकडं हात केला.

"कल्लप्पा, तू जाणता माणूस. जरा बघ. माझ्यानं काय चुकलं सांग."

ते वाफ्यात गेले. मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते सोडून दारात येऊन उभी राहिले. कल्लप्पामामांनी एक दांडा उपटला. बुडाची माती झटकली, सालीवरनं अंगठा फिरवला. लालभडक. दुसरा उपटला. तिसरा उपटायच्या आधीच मान हलवायला लागले.

"वैनी, ही चनबसप्पाची जात न्हाय."

"बी त्यांच्याच डब्यातलं हाय."

"नसणार. ह्यो पावसाळी कांदा. आखाडात लावायचा. थंडीत लावला तर गोंडंच यायचं आन् जोड निघायचं, दुसरं काय न्हाय. तुमी पाणी तोडा, खत घाला, हातावर घेऊन झोपवा, ह्यो पोसायचाच न्हाय. ह्यात तुमचं कायबी चुकलं न्हाय."

अव्वानं माझ्याकडं बघितलं नाही. ती कल्लप्पामामांच्या हातातल्या त्या लाल दांड्याकडंच बघत होती. ते मात्र माझ्याकडं बघत होते.

"मी आणलं ते बी," मी म्हणाले. "बाजारातनं."

सांगायला लागले आणि मग सगळंच सांगितलं. माडी, अंधार, दोन डबे, उखळ, गूळ, सत्तर पानं. अमावस्येची थाप. आवाज माझाच, पण ऐकताना वाटत होतं कुणीतरी दुसरीच वाचून दाखवतेय. कल्लप्पामामांनी मधेच दांडे खाली ठेवले, टोपी घातली आणि "येतो" म्हणून चहा न घेता निघून गेले. भला माणूस.

अव्वानं खाली ठेवलेला एक दांडा उचलला. मग म्हणाली, "म्याबी खाल्ली की ती चटणी."

"व्हय."

"दोनदा घेतली आसंल. मला त्या दिशी चव कळत नव्हती."

"अव्वा, मला जोड्यानं मारा. बी गेलं ते माझ्यामुळं. कायमचं गेलं."

"होगली बिडु," ती म्हणाली. जाऊ दे, सोडून दे, असं. "माणूस गेलं, बी काय घेऊन बसलीस. चुलीपाशी बाईची चूक हुतीया." मग थांबली. "पर तवा, मी पायरीवर बसून बोटं मोजूलाले, तवा का न्हाय सांगितलंस?"

हीच ती गोष्ट, जिची मला भीती होती, आणि ती तिनं ओरडून नव्हे, साध्या चौकशीसारखी विचारली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. आठ महिन्यांत पहिल्यांदा रडले, आडाच्या कट्ट्याला धरून. तिनं मला रडू दिलं. जवळ आली नाही, लांबही गेली नाही.

संध्याकाळी तिनं स्वतः वाफ्यातले सगळे दांडे उपटले आणि शेजारच्या म्हशीला टाकले. पंचाक्षरीला मीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस." मग पाणी प्यायला आणि पाळीला गेला.

मला वाटलं, झालं. जे अडकलं होतं ते निघालं. आता अव्वाला पटलं, की तिच्या हातात खोट नव्हती, खोट माझ्या फडक्यातल्या बियात होती. कल्लप्पामामांसारखा माणूस तोंडावर सांगून गेलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोजरबाईला दारातनंच परत पाठवलं. पाणी तापवलं, तेलाची वाटी कोमट केली, न्हाणीत पाट मांडला आणि बाळाला उघडं करून पडवीत अव्वापुढं नेलं. चार महिन्यांचं झालं होतं, तिला बघून पाय झाडायला लागलं.

"चला अव्वा. आता कसली कळ नाही न काही नाही. घ्या तुमच्या नातवाला."

अव्वा उठली. न्हाणीपर्यंत आलीसुद्धा. पाटावर बसली, पाय लांब केले. मी बाळाला तिच्या नडग्यांवर ठेवलं आणि तेलाची वाटी तिच्या उजव्या बाजूला सरकवली. ती वाटीकडं बघत राहिली. बाळ खुदुखुदु करत होतं. तिचा हात मांडीवरच होता.

"अव्वा, तेल निवतंय."

"व्हय."

"तुमचा दोष नव्हता. तुम्हाला पटलं ना? मी केलं ते."

"पटलं की. तुझं खरं हाय. बी तुझं हुतं. मला सगळं समजलंय दाक्षी, मी काय येडी न्हाय." ती हात बघत म्हणाली. "पर दोन म्हैने मी रोज ह्या हाताला सांगूलाले, की तू वंगाळ हायस, लेकराला शिवू नगंस. त्येनं ऐकलं माझं. आता एका सकाळच्यात त्येला कसं सांगू, की ते खोटं हुतं म्हणून?"

मी बाळाला तिच्या पायांवरनं उचललं. मग मीच पाय लांब करून पाटावर बसले. ती उठून पडवीत गेली. मला नीट येत नव्हतं, टाळूवर तेल जास्त झालं, ओघळून बाळाच्या डोळ्यात गेलं. ते रडायला लागलं आणि आम्ही दोघी, मी न्हाणीत आणि ती पडवीत, त्याचं रडणं संपायची वाट बघत राहिलो.